लाल दोरा आणि घंटेचे कार्ड

एका समुद्रकाठच्या गावात एक संगणक होता, आणि गावाने त्याला पार देव करून टाकले होते.

तसे त्याचे कामही मोठेच होते म्हणा. वादळाची खबर दूरच्या शहरातून त्याच्या पडद्यावर येई. खबर आली की त्याच्या पाठीला जोडलेल्या तारेमुळे खांबावरची घंटा आपोआप वाजू लागे, आणि तिचा आवाज ऐकून होड्या माघारी वळत. म्हणून दर दसऱ्याला संगणकाच्या पेटीची पूजा होई आणि तिच्याभोवती लाल दोरा बांधला जाई. पुढच्या दसऱ्यापर्यंत तो दोरा तोडायचा नाही, अशी रीत. पेटीवर उदबत्तीची काजळी साठत गेली, कुंकवाचे थर चढले. पेटीच्या आत काय आहे, हे मात्र गावात कोणीच कधी पाहिले नव्हते. पूजा करायला आत बघावे थोडेच लागते!

संगणकाचा एक राखणदार होता. तो रोज पेटी पुसायचा आणि पडद्यावर कापड घालायचा. लोक त्याला जाणकार समजत. पुढे पुढे तोही स्वतःला जाणकार समजू लागला.

दिवाळीच्या सुमारास वीज पडली आणि घंटेची तार जिथे जोडलेली होती ती जागा जळून गेली. राखणदार शहरातल्या दुकानात गेला. दुकानदारीण म्हणाली, "तार जोडायचं नवं कार्ड बसवलं की काम होईल. पण आधी पेटी उघडून मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य पाटी, बघा. कार्ड बसवायची खाच जुनी लांब आहे की नवी आखूड? एकीचं कार्ड दुसरीत बसत नाही. बघून या, मग देते."

राखणदाराने गावात येऊन पाटलांना विचारले.

पाटील म्हणाले, "कार्ड आण, नारळ फोडू, मग दोरा तोडू. नुसतं बघायला म्हणून देवाला उघडं पाडायचं? ते नाही जमायचं. आणि तू इतकी वर्षं राखण करतोस, तुला ठाऊक नाही होय?"

"ठाऊक आहे की," राखणदार म्हणाला. "ठाऊक नाही" एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत.

घंटा बंद होती तोवर होड्या काठाजवळच राहत होत्या. राखणदार पडद्यासमोर बसून राही आणि खबर आली की टेकडीवर जाळ करी. जाळ लांबून दिसत नाही, त्यामुळे खोल समुद्रात कोणी जात नसे. मासळी कमी मिळू लागली आणि लोक कुरकुरू लागले. राखणदार पुन्हा शहरात गेला. काजळीमुळे पेटी जुनाट दिसते, तेव्हा खाच जुन्या पद्धतीची, लांबच असणार, असे त्याने मनाशी ठरवले.

"बघितलंत ना आत?" दुकानदारिणीने विचारले.

"लांब आहे," तो म्हणाला.

कार्ड आले. गाव गोळा झाला. नारळ फुटला, दोरा तुटला, पेटीचे झाकण निघाले. आत एकच खाच होती, आणि ती आखूड होती. कार्डाचे दात तिच्यात मावणार नाहीत, हे कोणालाही दिसले असते. पण पाहत होता एकटा राखणदार. बाकीचे हात जोडून उभे होते.

त्या वेळी त्याने नुसते "बसत नाही" म्हटले असते, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. थोडे हसे झाले असते, पाटील चिडले असते, एवढेच. पण त्याने कार्ड जोर लावून दाबले. कट्कन आवाज झाला. मदरबोर्ड तडकला आणि आतला हिरवा दिवा विझला.

राखणदाराने झाकण लावले, नवा दोरा बांधला आणि काळ्या पडलेल्या पडद्यावर कापड घातले.

"बसलं का?" पाटलांनी विचारले.

"बसलं."

उद्या सकाळी गुपचूप शहरात जाऊन सगळे निस्तरावे, असा त्याचा बेत होता. आभाळ तर स्वच्छ होते. एका दिवसाने काय बिघडते?

पण होड्या त्याच दुपारी निघाल्या. त्याचा धाकटा भाऊ बुधाजी होडी ढकलता ढकलता म्हणाला, "दादा, आज लांब जातो. घंटा वाजेल ना?"

राखणदाराने किनाऱ्यावरच्या लोकांकडे पाहिले. सगळे ऐकत होते.

"वाजेल," तो म्हणाला.

संध्याकाळी वारा फिरला. खबर शहरातून निघालीही असेल, पण ती घ्यायला इकडचा संगणक चालू नव्हता. राखणदार धावत टेकडीवर गेला आणि त्याने जाळ केला. जवळच्या होड्या त्या उजेडावर परत आल्या. बुधाजी सर्वांत लांब गेला होता, कारण घंटेची राखण त्याचा सख्खा भाऊ करत होता. तो आला नाही. त्याची होडीही आली नाही.

राखणदाराने सगळ्यांसमोर खरे सांगितले. कोणी त्याला मारले नाही. पाटील खाली मान घालून घरी गेले.

पुढे नवा मदरबोर्ड आला. या वेळी त्याची खाच आधी पाहून त्याच मापाचे कार्ड आणले. ते बोटाने हलके दाबताच बसले. घंटा वाजवून पाहिली. चांगली खणखणीत वाजली.

तो आवाज ऐकून बुधाजीची बायको दारात आली. खांबाखाली राखणदार उभा होता.

"आत्ता वाजली होय, भावजी?" तिने विचारले.

तो घराकडे वळला. अजूनही घंटा वाजली की सगळ्या होड्या माघारी येतात, आणि ती बाई शेवटची होडी लागेपर्यंत किनाऱ्यावर उभी राहते. राखणदार तेवढा वेळ घराबाहेर पडत नाही.

तात्पर्य एवढेच: कोणतीही वस्तू आणण्याआधी ती जिथे बसवायची ती जागा उघडून बघावी. बघितले नसेल तर तसे सांगावे, आणि बसत नसेल तर चारचौघांत "बसत नाही" म्हणावे. त्याने होणारी फजिती लोक विसरतात.