बांधाचा सांधा

फार पूर्वी शालवती नगरात दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मातीकाम करणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. लोक त्याला भूमिदत्त म्हणत.

एका पावसाळ्यात नगराच्या वरच्या तलावाचा बांध मधोमध वाहून गेला. बांधाखालीच कुंभारांची वस्ती होती. राजाने गावोगावचे मजूर बोलावले आणि भूमिदत्ताला नायक नेमले. काम संपले की जो तो आपल्या घरी जाणार होता. म्हणून कोणी कोणाची ओळख करून घेतली नाही.

म्हातारे मातीचा पातळ थर पसरीत, पायांनी तुडवीत, आणि टाच रुतेनाशी झाल्यावरच पुढचा थर टाकीत. तरुण कावडी घेऊन धावत येत आणि ढीग ओतून परत फिरत.

“पोरा, माती ओतलीस, आता तिच्यावर जरा नाच,” म्हाताऱ्यांचा म्होरक्या गोमिक म्हणे.

“तुम्हीच नाचा, आजोबा. तोवर पाणीही येईल नाचायला,” तरुणांचा म्होरक्या शंबल म्हणे.

भांडण अमात्याच्या कानी गेले. त्याने म्हाताऱ्यांना पूर्वेकडून आणि तरुणांना पश्चिमेकडून बांधायला लावले. वर बजावले, “ज्यांचा भाग गळेल, त्यांच्या म्होरक्याचे शिर जाईल.”

भांडण थांबले. भीतीने तरुणही माती तुडवू लागले, म्हाताऱ्यांनीही वेग धरला. भूमिदत्ताला मात्र अन्न गोड लागेना. दोन्ही टोके जवळ आली, तेव्हा मधल्या फटीत कोणीच पाय ठेवला नाही. पाय ठेवला तर ती जागा आपली ठरेल, असे दोघांनाही वाटले. दोन्हीकडून घसरलेल्या सैल मातीनेच ती फट भरली.

डोंगरात पाऊस झाला. तलाव चढला आणि सांधा पाझरू लागला. पाझर निर्मळ असता तर भय नव्हते. तो गढूळ होता, म्हणजे आतली माती वाहत होती.

“तुमच्या बाजूने गळतंय,” गोमिक म्हणाला.

“डोळे गेले का, आजोबा? तुमच्याच बाजूने!”

कोणी जागचे हलेना. खाली कुंभारांची मुले खेळत होती. अमात्याचा निरोप आला, “कोणाचा भाग गळतो ते सांग आणि तू बाजूला हो.”

भूमिदत्त सांध्यात उतरला. चिखल गुडघ्याला लागला.

“ही जागा यांचीही नाही, त्यांचीही नाही,” तो म्हणाला. “ही माझी. फुटली तर शिर माझे, असे अमात्यांना सांगा. गोमिकबाबा, माझे दोन पाय पुरणार नाहीत. शंबला, माती आण.”

मग गोमिक उतरू लागला.

“जपून, आजोबा. घसराल.”

“तू माती टाक रे. पायांचं मी बघतो.”

तरुण धावू लागले. म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून तुडवू लागले. ते थकले की तरुण कावड टाकत आणि ते दाखवतील तिथे पाय ठेवत. तरी पाझर गढूळच होता. खाली बाया मुलांना उचलून टेकडीकडे निघाल्या. भूमिदत्त पुन्हा पुन्हा ओंजळ भरून पाहत होता. दिवस कलला, तेव्हा ओंजळीतल्या पाण्यातून त्याला स्वतःच्या हातावरच्या रेषा दिसल्या.

पावसाळ्यातल्या वर्षावासापुरते विहारात एकत्र आलेले वृद्ध आणि तरुण भिक्षू वेगवेगळ्या ओसऱ्यांत राहू लागले, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, “तेव्हाचा गोमिक म्हणजे आजचे स्थविर वत्सिय. शंबल म्हणजे हा नवा भिक्षू सोमिल. तुम्हाला वेगळ्या ओसऱ्या देणारा विहारपाल हाच तो अमात्य. आणि भूमिदत्त मीच होतो.”

दुसऱ्याचे भय आपल्या अंगावर घेणे, हीच मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता.