समोरची कड

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट खरी आहे, मी तिथे होतो. म्हणजे नव्हतो, पण असतो तर हेच पाहिलं असतं.

फार वर्षांपूर्वी नाण्यांचे शौकीन त्रिंबकशेठ यांच्या मखमली पेटीत एकच खळगा रिकामा होता, टांकसाळीच्या चुकीने अपुऱ्या जन्मलेल्या नाण्यासाठी. दावेदार आले दोन. दोघेही तांब्याचे पैसे, दोघांच्याही कडेचा कुणी घास घेतल्यासारखा तुकडा गेलेला. जो हरेल तो तांबटाच्या मुशीत वितळणार होता.

"मी जन्मतःच असा," चकचकीत पैसा म्हणाला. "हा मळका कुठेतरी कानशीखाली सापडलेला दिसतोय."

"मीपण जन्मतःच," मळका कसाबसा पुटपुटला.

शेठजींचं म्हातारं भिंग खाकरलं. "जखमा राहू द्या. जखमेच्या बरोबर समोरची कड दाखवा."

"बघा की, भिंगोबा," चकचकीत ऐटीत वळला. "एक रेघ पुसट नाही."

मळका ओशाळला. "माझी तिथली कड पार पुसट आहे."

"असणारच," भिंग म्हणालं. "ठसा पडला तेव्हा तुझा तुकडा आधीच नव्हता, म्हणून समोरच्या कडेलाही नीट दाब मिळाला नाही. हे चकचकीतराव मात्र धडधाकट जन्मले. त्यांना नंतर कुणीतरी घासलंय."

शेठजींनी मळक्याला मखमलीत बसवलं. तांबटाकडे जाताना चकचकीत म्हणत होता, "ही मूसच मुळात चुकीची घडलीय."

यातलं भिंगाचं बोलणं मी रचलं. भिंगं बोलत नाहीत. बढाया मारणारे पैसे मात्र मी स्वतः ऐकलेत.