बिरजा माहेरी येते

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या आजीच्या आजीनंही ती ऐकलीच होती, पाहिली नव्हती. आता मधे बोलू नका, पोट्टेहो. गोष्ट काय अन् पाणी काय, मधेच अडवलं की नासतं.

आपल्या झाडीपट्टीत तलाव एकाखाली एक आहेत. वरचा भरला की सांडव्यावरून पाणी निघतं, नाल्यानं वाहत येतं आणि खालचा तलाव भरतं. वर उमरटोला, खाली सारसबोडी. बिरजा ही सारसबोडीची लेक, दिली होती उमरटोल्याला. तिच्या माहेरच्या तलावात सारसांची जोडी उतरायची आणि त्यांची हाक पार तिच्या सासरच्या अंगणात ऐकू यायची, असं म्हणतात. हाक आली की बिरजा हातातलं काम टाकून उभी राहायची.

एका वर्षी पावसानं दगा दिला. बिरजाचा सासरा डोमाजी गावचा पाटील. माणूस वाईट नव्हता, पण भ्याला. त्यानं सांडव्यावर हातभर उंच दगड रचले. पुढच्या वर्षी पाऊस धो धो पडला, तरी दगड काही निघाले नाहीत. आपलं भरलं ना, मग झालं! खाली सारसबोडीचा तलाव आटत गेला. कमळं गेली, विहिरींनी तळ गाठला, शेवटी सारसही गेले. बिरजा अंगणात कान लावून उभी राहायची. हाक येईना. मग चुलीपुढे बसून रडायची.

"मामाजी, माह्या माहेरचा तलाव मरते जी. दगड काढा," ती एकदा सासऱ्याला म्हणाली.

डोमाजी हसला. "पाणी कोणासाठी मागतेस, सूनबाई? तुह्या भावानंच तलावाच्या पोटात धान पेरलं आहे. जाऊन पाहा."

खोटं नव्हतं ते. तिचा भाऊ इस्तारी, त्यानंच आटलेल्या तलावात पहिला नांगर घातला होता. गाळाची जमीन, पीक सोन्यासारखं. मग काय, त्याचं पाहून अर्धं गाव तिथं उतरलं. बिरजाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

भाऊबीजेला ती माहेरी गेली. भावाला ओवाळलं. इस्तारीनं नवं लुगडं पुढे केलं.

"लुगडं नको, भाऊ. तलाव सोड."

"अवो बाई, मग लेकरं खातील काय?"

"आज खातील रे. उद्या पितील काय?"

इस्तारीनं दाराकडे पाहिलं. दारातून त्याचं उभं पीक दिसत होतं. तबकातलं निरांजन विझायला आलं तेव्हा कुठं तो म्हणाला, "एवढं धान कापू दे. मग नांगर घालणार नाही."

"मग मीही पाणी घेऊनच येईन," बिरजा म्हणाली. "तोवर ह्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही."

धान कापून इस्तारीनं शब्द पाळला, त्याचं पाहून गावानंही नांगर सोडले. उन्हाळाभर सारसबोडीनं गाळ उपसला, पाळ म्हणजे तलावाचा बांध नव्यानं बांधून काढला. पावसाळ्यात उमरटोल्याचा तलाव काठोकाठ भरला, आणि बिरजा जाऊन सांडव्यावरच्या त्या दगडांवर बसली. पाणी पायाशी आलं. डोमाजी धावत आला.

"ऊठ पोरी, वाहून जाशील!"

"मामाजी, तुमच्या घरी मले काही कमी नाही जी. पण माहेर कोरडं असलं तं सासरचा घास घशाखाली उतरत नाही."

आणि तिच्या भारानं ते दगड हातभर खाली बसले, असं म्हणतात. काही अतिशहाणे म्हणतात की डोमाजीनंच पहार घालून काढले. घातली असेल बाप्पा! डोळे पुसत पुसत घातली असेल.

पाणी सुटलं. "येते मामाजी," म्हणून बिरजा नाल्यात उतरली. ती पुढे, पाणी मागे. ती दम खायला थांबली की पाणीही थांबायचं, असं त्या रानातले गुराखी सांगत.

खाली इस्तारी पाळीवर भाकरतुकडा घेऊन उभा होता, लेक आली की ओवाळून टाकतात तो. पाणी आलं. बिरजा आली नाही. त्यानं नाल्यात वरपर्यंत शोधलं, हाका मारल्या. शेवटी तो तुकडा त्यानं पाण्यावरून ओवाळला आणि तिथंच हंबरडा फोडला. दुसऱ्या दिवशी तलावात सारस उतरले.

त्या सांडव्यावर उमरटोल्यात आजही कोणी दगड ठेवत नाही. पाणी सुटलं की तिथल्या बायका पानाच्या द्रोणात खण आणि हिरव्या बांगड्या ठेवून नाल्यात सोडतात. आणि सारसबोडीत पाणी आलं की पाच दिवस तलावाला कोणी हात लावत नाही, शेताला पाणी सोडत नाही. लेक दमून आली आहे, बसू दे तिला, म्हणतात. म्हाताऱ्या पाळीवर जाऊन विचारतात, "जेवलीस का गं बिरजा?" पण सासरी कधी जाणार, हे मात्र तिला कोणी विचारत नाही.