आबांचा हात आणि उसातली परी

माझी शाळा सातवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द साधेच वाटले, तर मुलांनो, सांभाळून घ्या. गोष्ट मात्र मन लावून सांगतो.

गुऱ्हाळाशेजारच्या खोपटात चिमुकली यमू आणि तिचे आबा, दोघंच राहायचे. एकदा कढईतला उकळता रस उसळला आणि आबांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यातल्या मंदाताई रोज पट्टी बदलायला येऊ लागल्या.

“रंगराव, आधी ही गोळी घ्या. अर्ध्या तासानं पट्टी काढू.”

“गोळी कशाला? मला कुठं दुखतंय!” असं हसत म्हणून आबा स्वतःच चिकटलेली पट्टी खसकन ओढायचे. भळाभळा रक्त यायचं.

तिसऱ्या दिवशी मंदाताई आल्या, तर आबा उसात लपलेले! यमूला काही उमजेना. दुखत नाही, तर लपायचं कशाला?

“पट्टी बदलली नाही तर जखम चिघळेल. हात वाचायचा नाही, बाळ,” मंदाताई म्हणाल्या.

यमू उसात धावली. रुपेरी तुरे डुलत होते. एका पात्यात एवढीशी परी अडकली होती, काकवीच्या रंगाच्या लुकलुकत्या पंखांची. पात्याच्या धारेनं यमूचं बोट कापलं, पण तिनं पंख हळूच सोडवला.

परीनं तिच्या तळहातावर तीन सोनेरी ठिपके ठेवले. “या तीन इच्छा. नियम एकच. ज्याचं दुखणं, त्यानं खरं सांगितलं तरच इच्छा फळते.”

आबा बांधाशी बसले होते. “आबा, दुखतंय?”

“छे गं!”

तरी यमूनं मागितलं, “आबांचं दुखणं कमी होऊ दे.” एक ठिपका विझला.

“पट्टीची भीती वाटते?”

“मला? पैलवान गड्याला?”

“पट्टी अलगद सुटू दे.” दुसराही विझला.

यमू गोंधळून गेली. परी खोटी की आबा? आबा तर हसत होते, आणि डोळ्यांत पाणी होतं. त्यातलं खरं कुठलं?

तिनं एक ऊस पुढं धरला. “याची पेरं दहा. खालचं म्हणजे मुंगी चावली. शेंड्याचं म्हणजे सोसवतच नाही. बोलू नका, नुसतं बोट ठेवा.”

आबांच्या डाव्या हाताचं बोट वर वर सरकलं. नवव्या पेरावर थांबलं.

“यमे, लई दुखतंय गं,” आबा हुंदके देऊ लागले. “पट्टी बघितली की पळून जावंसं वाटतं.”

“परीताई, आबांना सोसवेल एवढंच दुखू दे!”

तिसरा ठिपका लखलखला. आबा घरी आले, गोळी घेतली, अर्धा तास थांबले. मंदाताईंनी पट्टी पाण्यानं भिजवली, हळूहळू सोडवली. आबा दोनदा “थांबा” म्हणाले, त्या दोन्ही वेळा थांबल्या. सोबत आणलेल्या उसावर बोट आता चौथ्या पेरावर होतं.

“सगळंच का नाही गेलं?” यमूनं दाराशी तरंगणाऱ्या परीला विचारलं.

“जखम भरेपर्यंत थोडं राहणारच, राणी. पण तुझे आबा आता एकटे नाहीत.” यमूला ते नीटसं कळलं नाही. तेवढ्यात दारात केशरी उजेड फुलला आणि परी त्यात विरघळून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुऱ्हाळावरचा भैरू डोकावला. “काय पैलवान, बरं हाय न्हवं?”

आबा सवयीनं हसायला गेले, पण हसले नाहीत.

“दुखतंय, भैरू,” ते म्हणाले, आणि बाजेवर सरकून त्याला जागा करून दिली. “जरा बसतोस का?”