सावरीची गादी

झाडाझाडांवर मोबाईल पोहोचले होते, त्या काळची ही गोष्ट. शेवंती नावाच्या खारीने ऑनलाइन धंदा काढला. आधी तिने जांभळं विकली, ती वाटेतच फुटली. मग चिंचोके विकले, तर गिऱ्हाइकांचे दात दुखले. शेजारची साळुंकी म्हणाली, "शेवंते, लेकुरवाळी तू, कशाला हे नसते उद्योग?" शेवंतीलाही मनातून तसंच वाटत होतं.

एकदा तिने सहज, सावरीच्या कापसात झोपलेल्या आपल्या पिल्लांचा व्हिडिओ टाकला. रानभर तो पाहिला गेला आणि जो तो तशीच गादी मागू लागला. सावरीचा हंगाम तर सरला होता. "ही एवढीच ऑर्डर," असं म्हणत तिने घरट्यातला थोडा कापूस उपसला. मग दुसरीसाठी आणखी थोडा. गिऱ्हाइकं खूश झाली. साळुंकीसुद्धा आता तिला "शेवंतीताई" म्हणू लागली.

थंडी पडली तेव्हा पिल्लं उघड्या काटक्यांवर एकमेकांना बिलगून बसली होती आणि शेवंती गिऱ्हाइकांना उत्तरं देत होती. धाकटीने मोबाईलमध्ये डोकावून तो जुना व्हिडिओ पाहिला. बराच वेळ पाहून तिने विचारलं, "आई, हे घर कुणाचं गं?"