सत्तेचाळीस की एकोणपन्नास

“मग सत्तेचाळीस लावू, वस्ताद?”

“लाव की.”

“का एकोणपन्नास बरं पडेल?”

“बरंच पडंल.”

“अहो, दोन्ही कसं बरं पडेल?”

बाबालाल वस्तादांनी एक शेंग फोडली, दाणे तळहातावर चोळले आणि फुंकर मारून साल उडवली.

“दाणे घे,” ते म्हणाले.

…

इंद्रजित खराडेच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सकाळपासून तो हेच विचारत होता आणि सकाळपासून त्याला शेंगा मिळत होत्या.

ओढ्याकाठच्या तकियात, म्हणजे फकिरांच्या जुन्या मुक्कामाच्या जागी, वस्तादांची तालीम होती. कुस्तीची नव्हे, सायकलची. डोंगरावरच्या पिराचा उरूस भरला की सायकलींची शर्यत व्हायची, आणि पंचक्रोशीतली प्रत्येक तालीम आपला एकच गडी उतरवायची.

शर्यतीचा नियम जुना आणि कडक. सायकल फिक्स हवी. म्हणजे चाक फिरतंय तोवर पाय फिरणार, पायडल मारायचं सोडून निवांत बसायची सोय नाही. ब्रेकही नाही. थांबायचं तर पाय जागच्या जागी आवळून धरायचे. मग मागचं चाक अडतं आणि रस्त्यावर घासत घासत गाडी उभी राहते.

दाते एकदा बसवले की चढाला तेच, उताराला तेच, सपाटीलाही तेच. त्यामुळे पुढच्या चक्राला किती आणि मागच्या चक्रीला किती, यावर या भागात लोक सोयरीक जुळवताना करतात तेवढा खल करतात.

इंद्रजित सांगलीत क्लासमध्ये गणित शिकवायचा. आकड्यांवर त्याचा जीव होता, आणि आपल्याला आकडे कळतात याचा ताठाही होता. गेल्या वर्षी त्याने पुढे अठ्ठेचाळीस आणि मागे सोळा लावले होते. भागाकार तीन, बाकी शून्य. हे त्याला फार आवडलं होतं.

डोंगर उतरताना तो सगळ्यांच्या पुढे होता. खालचं वळण आलं, त्याने पाय आवळले, आणि मागचा टायर फाटकन फुटला. इंद्रजित हरभऱ्याच्या रानात गेला आणि शर्यत दुसऱ्याच तालमीला गेली.

तेव्हापासून क्लासमधली पोरं पाठीमागे त्याला ‘हरभरे सर’ म्हणत. त्याला ते ऐकू येई, आणि फळ्याकडे तोंड करून तो ते गिळून टाकी. या वर्षी शर्यतीत उतरायचं आणि जिंकायचं, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. ती त्याला इतकी हवी होती की कधीकधी झोपेत त्याचे पाय हलत.

टायर का फुटला ते त्याने स्वतःच शोधून काढलं होतं. पायडलच्या एका फेरीत चाक बरोब्बर तीनदा फिरायचं, म्हणून थांबताना दर वेळी रबराचा तोच तुकडा रस्त्याला लागायचा आणि तिथेच झिजायचा. पुढे सत्तेचाळीस किंवा एकोणपन्नास दाते घेतले की भाग पूर्ण जात नाही, आणि झीज टायरभर सोळा ठिकाणी वाटली जाते. गणित बिनचूक होतं. वस्तादांनीही ते नीट ऐकून घेऊन मान डोलावली होती.

आता प्रश्न एवढाच उरला होता, की सत्तेचाळीस चढाला हलकं आणि एकोणपन्नास सपाटीला पळणारं. मग घ्यायचं कोणतं?

“सत्यवानने काय लावलंय?” इंद्रजितने विचारलं.

सत्यवान मुळीक हा तालमीतला दुसरा गडी. या वर्षी नाव त्याचं जाणार की इंद्रजितचं, हे अजून ठरलं नव्हतं. आज दुपारी असरच्या नमाजाला वस्ताद डोंगरावर जाणार होते आणि तिथेच उरूस कमिटीला नाव सांगून येणार होते.

“त्याला इचार.”

“विचारलं. म्हणतो, वस्तादांनी दिलं ते लावलं, दाते मोजले नाहीत.”

“मोजत न्हाई तो.”

“आणि तुम्हाला ते चालतं?”

“मला काय, मी बी मोजलं न्हाईत.”

इंद्रजितने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. चिडलेल्या माणसाला मोठा श्वास घ्यायला सांगतात, पण त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यालाही झाला नाही.

“वस्ताद, वर्षभर मी आठवड्याला तुमच्या दारात येतोय. तुम्ही सांगितलंत म्हणून चहा सोडला. तुम्ही सांगितलंत म्हणून ओढ्यातली वाळू उपसली. एक आकडा विचारतोय. फक्त एक आकडा. तो सरळ सांगायला तुम्हाला काय होतंय?”

“काय न्हाई हुईत.”

“मग सांगा.”

“सांगतो. आधी थांबून दाखव.”

…

“काय?”

“गाडी घे. अंगणात फिर. टाळी वाजवली की थांब.”

थांबायचं काय दाखवायचं, असं इंद्रजितच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने आवरलं, सायकल घेतली आणि तकियासमोरच्या मुरमाच्या अंगणात फेरी धरली. अजून जुनंच अठ्ठेचाळीसचं चक्र होतं.

टाळी वाजली.

त्याने पाय आवळले, उजवा पुढे, डावा मागे. मुरमावर रेघ उठली आणि गाडी जिथल्या तिथे थांबली. त्याने जरा ऐटीतच मागे पाहिलं.

“परत,” वस्ताद म्हणाले.

तो परत फिरला. टाळी वाजली. या खेपेला गाडी चिंचेच्या बुंध्यापलीकडे जाऊन थांबली.

“परत.”

पुन्हा चिंचेपलीकडे.

“परत.”

“अहो, किती वेळा?”

“कुनाची वाट बघत व्हतास?” वस्तादांनी विचारलं.

“कुणाची?”

“टाळी हितं वाजली. तू थांबलास थितं. मधी कुनाची वाट बघितलीस?”

“कुणाचीही नाही.”

वस्तादांनी आणखी एक शेंग घेतली.

…

इंद्रजित सायकलवरून उतरला आणि वाकून रेघा पाहू लागला. टाळी वाजली तेव्हा आपण कुठे होतो हे त्याला आठवत होतं, आणि रेघ कुठे सुरू झाली हे समोर दिसत होतं. मधे दोन सायकलींइतकी कोरी जागा होती.

टाळी वाजली तेव्हा डावा पाय पुढे होता. उजवा फिरून पुढे येईपर्यंत त्याने पाय आवळलेच नव्हते. पहिल्या खेपेला उजवा योगायोगाने पुढे होता, म्हणून सगळं झकास जमलं.

हरभऱ्याच्या रानाआधीच्या वळणावरही असंच झालं होतं. वळण आलं, आणि आपण थांबलो नाही, आपण वाट बघितली. मग उशीर झाला म्हणून जीव खाऊन पाय आवळले. तिथे सत्तेचाळीस असतं तरी वाट बघितली असती, आणि एकोणपन्नास असतं तरीही.

हे त्याला दिसलं, आणि अजिबात आवडलं नाही. मग गणिताचे मास्तर करतात तेच त्याने केलं. त्याने हिशेब मांडला.

“वस्ताद,” तो घाईघाईने म्हणाला, “दोन्ही पाय आलटूनपालटून पुढे ठेवले आणि दाते सत्तेचाळीस घेतले, तर झीज सोळाच्या जागी बत्तीस ठिकाणी वाटली जाते. टायर दुप्पट चालेल. एकोणपन्नासलाही तेच, मग चढाला हलकं म्हणून सत्तेचाळीसच. नाही का?”

वस्तादांनी कपाळाला हात लावला. तो हात त्यांनी बराच वेळ तिथेच ठेवला.

“या अल्ला,” ते पुटपुटले.

“चुकलं का?”

“न्हाई रं बाबा. बराबर हाय तुजं. तुजं सगळं बराबर असतंय.” त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. “आता डावा म्होरं ठेवून थांब.”

इंद्रजित गाडीवर बसला. फेरी धरली. टाळीची वाट न बघता त्याने डावा पाय पुढे आल्याबरोबर दोन्ही पाय आवळले.

आवळले, असं त्याला वाटलं. उजव्या पायाने ऐकलं आणि डाव्याने ऐकलं नाही. पायडलने डाव्या पायाला खालून असा दणका दिला की इंद्रजित सीटवरून उडाला आणि सायकलसकट चिंचेच्या मुळांत जाऊन पडला. पंधरा वर्षं सायकल चालवणारा माणूस पहिल्यांदा दोन चाकांवर बसलेल्या पोरासारखा पडला.

तो उठला. तळहात सोलला होता. त्याने सायकल उचलली, पुन्हा बसला, आणि पुन्हा पडला.

तिसऱ्यांदा तो पडला नाही. पण गाडी थांबलीही नाही. डावा पाय थरथरला, सैल पडला, आणि उजवा पुढे आल्यावर गाडी सवयीने आपोआप थांबली.

इंद्रजितने सायकल मुरमावर आडवी टाकून दिली. इतका राग त्याला गेल्या वर्षी हरभऱ्यातही आला नव्हता, आणि या वेळी तो कुणावर काढावा हे त्याला कळेना. डोळ्यांत पाणी आलं तेही त्याला आवडलं नाही.

“हा पाय माझं ऐकतच नाही,” तो म्हणाला.

“त्याला या आदी कदी काय सांगितलं व्हतंस?”

…

इंद्रजित वस्तादांसमोर मुरमातच फतकल मारून बसला. डावी पँट गुडघ्यावर फाटली होती आणि आतून रक्त दिसत होतं.

ओढ्यापलीकडून कुणीतरी म्हशींना हाका मारत होतं. ऊन कलायला लागलं होतं. वस्तादांनी टोपी झटकून डोक्यावर घातली आणि चपला पायात सरकवल्या. डोंगरावर जायची वेळ झाली होती.

“वस्ताद,” इंद्रजित म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता. “दात्यांचं राहू दे. नाव कुणाचं देताय, तेवढं सांगून जा. माझं नसेल तर नसू दे. पण सांगून जा.”

वस्ताद दोन पावलं चालून गेले होते. ते मागे आले. गुडघ्यांवर हात टेकत त्याच्यासमोर हळूहळू खाली बसले. उपरण्याच्या टोकाने त्यांनी त्याच्या डाव्या गुडघ्यावरचा मुरूम अलगद पुसला, आणि तिथेच हात ठेवला.

“ह्या डाव्याचं,” ते म्हणाले. “संगट कुनाला आनायचं आसंल, तर आन म्हनावं त्याला.”