पाहुण्यांसाठी भांडण

माणसांच्या शाळा निघायच्या कितीतरी आधी रानात सांबरबाईंची शाळा भरायची. पिल्लांची भांडणं पिल्लांनीच कशी मिटवायची, ते बाई शिकवत. आधी दोघांचंही ऐकून घ्यायचं, मग दोघांनाही पटेल असा मार्ग काढायचा. पोपटाला तर हे तोंडपाठ होतं.

एकदा ही विद्या बघायला हत्तीसाहेबांचं यायचं ठरलं आणि नेमकं शाळेत कुणी भांडेचना. बाई हवालदिल झाल्या. एक बोर वाटून खात बसलेल्या दोन खारींना त्यांनी गाठलं.

“बोरावरून भांडा गं जरा.”

“पण बाई, आम्ही अर्धं अर्धं खातो!”

“ते नंतर. आधी साहेबांसमोर भांडा.”

खारी भांडल्या. एक दुसरीला ‘हावरट’ म्हणाली. पोपटाने भांडण झकास मिटवलं आणि हत्तीसाहेबांनी त्याच्या गळ्यात हार घातला.

कार्यक्रम संपल्यावर दुसरी खार म्हणाली, “हावरट म्हण, असं काही बाईंनी सांगितलं नव्हतं.”

मग मात्र दोघींची अशी जुंपली, की शेपट्यांचे केस उडाले.

शेवटी रडत रडत त्या पोपटाकडे गेल्या. हार सावरत तो म्हणाला, “आता कसलं भांडण? तुमचं तर मिटलंय. सगळ्या रानाने पाहिलंय.”